बटण आधी कोण दाबणार

चाकण,
१२ मे २०२५

चि. कीर्तनास, रघुरामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भिंत दिसत नाही म्हणजे दिसत नाही! चीनची ती भिंत चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, हे मी तीन वर्षांपूर्वी वेंकूआत्याच्या घरी पाहुण्यांपुढे बोललो आणि आजही बोलेन. अप्पा दिसते म्हणून सांगत होते, म्हणून त्यांचा अपमान झाला म्हणे. भिंत दिसत नाही यात माझा काय दोष? आणि आता तू लिहितेस की मेळाव्यातल्या प्रश्नमंजूषेला तुझ्या शेजारी अप्पाच बसणार. अय्यय्यो, दुसरं कोणी मिळालं नाही का तुला?

आपल्या तंजावूरच्या मराठी लोकांच्या मेळाव्याचा नियम मला ठाऊक आहे. एक पालक, एक मूल, दोघांत एक बटण. मग आईला बसव. आई गप्प तरी राहील. अप्पांचा हात प्रश्न संपायच्या आत बटणावर जाईल आणि जे मनात येईल ते ठणकावून सांगतील. चुकलं तर वर समजावूनही सांगतील.

तुला ही गंमत वाटते. मला इथे कारखान्याच्या कँटीनमध्ये भाजी चिरताना बोट कापायची वेळ आली. पहिलं बक्षीस म्हणजे तिरुचीच्या कॉलेजची पहिल्या वर्षाची फी. दुसरं बक्षीस घड्याळ. घड्याळ दाखवून फिजिक्सला कोणी घेत नाही. फी भरली नाही तर तुला पापनाशमच्या भाताच्या अडतीवर बिलं करायला बसवायचं ठरतंय, हे आईने मला फोनवर दबक्या आवाजात सांगितलं. मी नववीतून शाळा सोडून पळालो, माझं सोड. तू पळू नकोस आणि तुला कोणी बसवूही नये.

फोनवर प्रश्न विचारत जा म्हणालीस. नाही विचारणार. तिथे प्रश्न पडद्यावर एकेक ओळ करत देवनागरीत येतो, वाचून कोणी दाखवत नाही. तू तमिळ भराभर वाचतेस, इंग्रजी त्याहून भराभर, आणि देवनागरी म्हटली की बैलगाडी. मला अप्पांनी टॉकीजच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालू असताना अक्षरं शिकवली. तुझ्या वेळेपर्यंत टॉकीजच बंद पडली. म्हणून माझी पत्रं वाच, तीच तुझी तालीम.

घे. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन. चौदा ओळींच्या कवितेला काय म्हणतात? सुनीत. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला किती मिनिटं? आठाच्या जरा वर. सिनेमाची पट्टी सेकंदाला किती चौकटी पळते? चोवीस. पाठ कर.

भाऊ भांडतो म्हणून माया आटू देऊ नकोस.

तुझा अण्णा,
रघुराम


तंजावूर,
१९ मे २०२५

ती. रघुअण्णास, कीर्तनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचायला अख्खी दुपार गेली. ‘प्रश्नमंजूषा’ या शब्दापाशी माझी कॉफी थंड झाली. तुझं अक्षर म्हणजे कढईतून उडालेली मोहरी. हे पत्र लिहायला किती वेळ लागला ते विचारू नकोस.

काल तिरुवैयारुला पहिली फेरी झाली. आम्ही पुढे गेलो. आधी आनंद कर, मग बाकीचं वाच.

सगळ्यांत तापलेला ग्रह कोणता असं आलं. अप्पांनी बटण दाबलं आणि बुध म्हणाले. चूक झाल्यावर त्यांनी परीक्षकांना सांगितलं की दिव्याच्या जवळचा हात जास्त भाजतो, हे प्रोजेक्टरवर आयुष्य काढलेल्या माणसाला शिकवू नका. लोक हसले. उत्तर शुक्र होतं, अण्णा. त्याच्यावरची हवा ताप धरून ठेवते म्हणून. मला येत होतं. माझे हात मांडीवर बर्फासारखे पडून राहिले.

तू ओरडशील की गप्प का बसलीस. आपल्या घरात अप्पांनी पहिला घास घेतल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नाही. चारचौघांत ते बोलत असले की आपण तोंड उघडत नाही. तू उघडलंस, म्हणून तू चाकणला आहेस. मी कुठे जाऊ?

चार जोड्या निवडल्या, त्यात आमची शेवटची. अप्पांना वाटतं, त्यांच्यामुळेच निवडली. सिनेमाचे प्रश्न त्यांनी पटापट सोडवले हेही खरं आहे. आता लग्नाच्या कल्याण मंडपमच्या रखवालीवर जायच्या आधी ते माझ्याजवळ बसून तमिळ पेपरातली विज्ञानाची पुरवणी वाचतात. टॉकीज बंद झाल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते. परवा तुझं पत्र समोर पडलेलं असताना त्यांनी आईला मोठ्याने विचारलं, कुणाचं टपाल आलं का? आईने तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, चाकणच्या विद्वानाचं आलं.

एक जूनला तंजावूरात शेवटची फेरी आहे. सोळा जूनच्या आत फी भरायची. मला झोप लागत नाही. काय करू, ते लवकर कळव.

रागावलास तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझी,
कीर्तना


चाकण,
२४ मे २०२५

चि. कीर्तनास, आशीर्वाद. वि. वि.

काय करू म्हणून विचारतेस? हात उचल आणि दाब. एवढंच करायचं.

त्यांच्या डावीकडे बस, म्हणजे बटण तुझ्या उजव्या हाताला येईल. पहिली ओळ वाचली आणि उत्तर सुचलं की दाब. पूर्ण प्रश्नाची वाट पाहू नकोस. अप्पा पाहत नाहीत, तू पाहिलीस तर पुन्हा बुध. घरी येऊन काय रागवायचे ते रागावू देत. माझ्याशी बोलणं टाकून तीन वर्षं झाली, मी मेलो नाही. तुझ्याशी बोलणं टाकतील तर चारच दिवस. तू लाडकी.

तुझं पत्र आल्यापासून माझं लक्ष नाही. काल सांबारात दोनदा मीठ घातलं आणि तीनशे कामगारांनी माझ्या सात पिढ्या आठवल्या. सुपरवायझर म्हणाला की असंच चाललं तर दुसरीकडे बघ. मी तसाही बघतोच आहे, तुला माहीत आहे. एका जागी माझे पाय टिकत नाहीत. नाशिकला एकजण बोलावतोय. मोटरसायकल घेतली की तिकडे डिलिव्हरीचं काम करेन. पण ते तुझी सीट पक्की झाल्यावर.

इथले लोक माझी मराठी ऐकून विचारतात की हा कुठल्या राजाच्या दरबारातून आला. हसतात, पण आता मदतही करतात. जेवायच्या सुट्टीत सगळे तुझ्यासाठी प्रश्न काढून देतात. प्रकाश जास्त वेगाने जातो की आवाज? प्रकाश. तीन ओळींची जपानी कविता कोणती? हायकू. एकाने विचारलं की बहीण जिंकली तर पार्टी देणार का. मी हो म्हणून बसलोय. तेव्हा विचार कर.

पहिली ओळ, आणि हात. विसरू नकोस.

तुझ्या काळजीत असलेला,
रघुअण्णा


तंजावूर,
२ जून २०२५

ती. रघुअण्णास, सा. न. वि. वि.

घड्याळ मिळालं.

तू चिडायच्या आत सांगते. शेवटच्या प्रश्नाला आम्ही आणि राजममावशींची जोडी बरोबरीत होतो. विज्ञानाचे तीन प्रश्न मी अप्पांच्या आधी बटण दाबून सोडवले होते. पहिल्या वेळी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उठून पळावंसं वाटलं. दुसऱ्या वेळी त्यांनी हात मागे घेतला. तिसऱ्या वेळी ते शेजारच्याला म्हणाले की माझी मुलगी आहे.

मग सिनेमाचा प्रश्न आला. पडद्यावर पहिली ओळ उमटली, ‘सिनेमाच्या पट्टीच्या सेकंदाला जेवढ्या चौकटी पळतात’. मी दाबलं. चोवीस म्हणून ओरडले. आणि मग दुसरी ओळ आली. प्रोजेक्टरच्या पंख्यासारख्या झडपेमुळे त्यातली प्रत्येक चौकट पडद्यावर साधारणपणे किती वेळा उजळते, असं विचारलं होतं. दोन वेळा. चौकट एकच, पण उजेड दोनदा पडतो, नाहीतर चित्र लुकलुकतं. आयुष्यभर ती झडप ज्यांनी पुसली ते माझ्या उजवीकडे बसले होते, आणि मी त्यांना बोलूच दिलं नाही.

चुकलेल्याला दुसरी संधी नाही. राजममावशींच्या मुलाने अंदाजाने दोन म्हटलं आणि जिंकला.

मी रडले. अप्पा रागावले नाहीत, हेच मला सोसवेना. बसमध्ये त्यांनी मला ती झडप समजावली. तिकिटाच्या कागदाची झडप करून खिडकीच्या उजेडात फिरवून दाखवली. कंडक्टरही पाहत उभा राहिला. घरी आल्यावर त्यांनी पापनाशमच्या अडतवाल्याला फोन करून सांगितलं की मुलगी येणार नाही, शिकणार आहे. आईच्या हातातली पळी पडली.

आज सकाळी ते मंडपमच्या मालकाकडून पगाराची उचल घेऊन आले. आठ हजार. फी बावीस हजार आहे. ते तुला मागणार नाहीत. पण माझ्याकडे पाठ करून, घड्याळाला खिळा ठोकता ठोकता म्हणाले, तुझ्या भावाला फीचा आकडा लिहून कळव, त्याला आकडे लक्षात राहतात. तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव निघालं, म्हणजे नाव नाही, भाऊ.

घाबरतच लिहिते आहे. जमत नसेल तर नको म्हण, मी समजेन.

तुझी हरलेली,
कीर्तना


चाकण,
७ जून २०२५

तीर्थरूप अप्पांस, रघुरामचा शि. सा. नमस्कार.

मला सरळ लिहिलं असतंत तर हात झिजला असता का? अक्षरं तुम्हीच शिकवलीत ना? असो. मी तरी तीन वर्षांत कुठे लिहिलं.

कीर्तनाला बोलू नका. पहिल्या ओळीला बटण दाब, अप्पांच्या आधी दाब, हे तिच्या डोक्यातलं नव्हतं, मी लिहून पाठवलेलं होतं. ती माझ्या सांगण्याने हरली. तुमच्या शेजारी ती नुसती बसली असती आणि तुमचा हात चालू दिला असता तर आज फी भरून झाली असती. पण मग शेजारच्याला माझी मुलगी म्हणालात, ते म्हणाला नसतात. मला याचा हिशेब लागत नाही. तुम्हाला लागला तर कळवा.

नाशिकला जाणार नाही. सुपरवायझरची माफी मागितली, मीठ आता दुसरा घालतो. आईला सांगा की मी जेवतो.

पोंगलला यायचं मनात आहे. ये म्हणालात तर येईन. न म्हणालात तरी बहुतेक येईन. पायांवर जागा असू द्या.

आपला,
रघुराम

ता. क. मोटरसायकलीसाठी ठेवलेले बावीस हजार माझ्याकडे होते. सगळे पाठवून तुमची उचल परत करायला लावावी, असं मनात घेऊन बँकेच्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा तसं करवेना. फीत तुमचेही आठ राहू देत, फीच्या पावतीत आपण दोघंही असू. म्हणून तुमच्या खात्यावर टाकले ते फक्त चौदा हजार रुपये.