मशीन नव्यासारखं

४ फेब्रुवारी

आलं एकदाचं! चार हमालांनी टेंपोतून उतरवलं आणि चौघांनीही माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. जुनं बहुकामी मशीन. एकच बैठक, एकच मोटर. पट्टा बदलला की करवत, रंधा, लेथ, ड्रिल. बिडाचं असं ओतीव लोखंड आता कोणी करत नाही. आता जे विकतात त्याला फुंकर मारली तरी हलतं.

मालकाची लेक सोबत होती. "बाबा जिन्यावरून पडले. पायरी चुकली. दवाखान्यातून यायच्या आत नव्यासारखं करून द्याल?" म्हातारा एकटा राहतो. मशीनवर काम जमलं तर तिथेच राहणार, नाही जमलं तर लेकीच्या घरी — असं दोघांत ठरलंय. "माझ्याकडे आले तर झुरतील हो ते." डोळे भरून आले तिचे. रडणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. हो म्हणालो.

५ फेब्रुवारी

धूळ झटकली आणि कपाळावर हात मारला. हा मालक सुतार की कसाई?

पितळी मापपट्टी — कारखान्यातून आलेली, अस्सल — तिच्या कडेला कानशीने खाचा पाडल्यात! इंचाला एक, अर्ध्या फुटाला दोन. उंदराने कुरतडावी तशी दिसते. बंद करायच्या बटणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. करवतीच्या पात्याअलीकडे टेबलाला भोकं पाडून लाकडी पट्टी ठोकलीय. असल्या टेबलाला भोकं! भित्रा असेल, बोटं जपतोय. मग विणकाम करावं माणसाने!

९ फेब्रुवारी

गंज. दिवसभर गंज. दुसरं काही नाही.

१२ फेब्रुवारी

उंची कमीजास्त करायच्या चाकावर सुतळीच्या गाठी मारल्यात. का? कोण जाणे! रॉकेलमध्ये भिजवून, ब्लेडने खरवडून काढल्या. नखं गेली माझी.

जेवताना हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "इतक्या मेहनतीने कोणी उगाच करेल का? विचारा तरी त्यांना." मी म्हटलं, अडाणीपणाला कारण लागत नाही. तर म्हणे, "माझ्या शिलाई मशीनवर मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. तोही पुसणार का?" हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१५ फेब्रुवारी

लेक चौकशीला आली. येताना एक स्टूल घेऊन आली — "बाबांनी पडायच्या आधी केलेलं. तुम्हाला बसायला." उलटंसुलटं करून पाहिलं. सांध्यात कागद जाणार नाही. चारही पाय लेथवर काढलेले, सारखे. अर्धा तास खोट शोधली, सापडली नाही. चिडचिड झाली.

त्या म्हाताऱ्याने हे केलं? त्या खाचांच्या मशीनवर? अशक्य! विकत आणलं असणार आणि लेकीला फुशारकी मारली असणार. बापमंडळी करतात असं.

१९ फेब्रुवारी

टेबलाची भोकं भरली, घासून आरसा केला. लाकडी पट्टी चुलीत. ट्यूबचा तुकडा कचऱ्यात. नवी स्टीलची मापपट्टी बसवली — मिलिमीटरच्या बारीक, देखण्या रेषा. मुंगीलाही वाचायला चष्मा लागेल! जुनी पितळी पट्टी भंगारवाल्याला दिली. त्यानेही नाक मुरडलं.

२३ फेब्रुवारी

हिरवा रंग दिला, मूळ छटा मिळेपर्यंत तीन वेळा खरवडून. नवी बेअरिंगं, नवा पट्टा. सुरू केलं. आवाज कसला, नुसती गुणगुण! करवतीतून सागाची फळी लोण्यासारखी गेली. ही दारात उभी राहून पाहत होती. "छान झालंय," म्हणाली. मग म्हणे, "पण विचारायला हवं होतं." हिला दोन वाक्यं बोलायची असली की दुसरं असलंच असतं.

खरं सांगायचं तर आनंद झाला. एका अडाण्याच्या तावडीतून चांगलं मशीन सोडवलं. आता तो पुन्हा कानस घेऊन बसू नये म्हणजे मिळवली. आला की चार शब्द सुनावणार आहे. तयारच ठेवलेत.

२ मार्च

म्हातारे आले. एका हातात काठी, दुसरा लेकीच्या दंडावर. ती म्हणाली, "बघा बाबा, नवंकोरं!" ते "वा, वा" म्हणाले, पण मशीनकडे न बघता. मग हात पुढे केला. टेबलाची कड चाचपत पट्टीपाशी आले आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग बटणावर बोटं. मग पात्याअलीकडची मोकळी जागा.

चेहरा पांढरा पडला त्यांचा. माझ्याकडे वळले — माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या बाजूला, भिंतीकडे — आणि अगदी हळू विचारलं, "माझ्या खाचा कुठे गेल्या हो?"

लेक हसत होती. तिने ऐकलं. "कसल्या खाचा, बाबा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "ताई, काम अजून अर्धंच झालंय. बाबांना इथे माझ्याजवळ बसू द्या. तुम्ही संध्याकाळी या."