बरणीतला अंधार

व्सेतीन, काकड्यांचा हंगाम

आदरणीय रादोवानदाजी यांस व्लास्तिमिलचा सप्रेम नमस्कार.

माशांच्या टाकीतली झाडं पिवळी पडली की दुकानदार न बघताच "दिवा मोठा घ्या" म्हणतो, हे आपल्यासारख्या सगळ्या मत्स्यपालकांचं जुनं दुःख. म्हणून तुम्हालाच लिहितो. गुडघा कसा आहे? मिलाडाताईचा खोकला थांबला का? (हे पत्र तिला दाखवू नका. ती फोनला बसेल आणि दुपारपर्यंत अख्खं मोराविया हसेल.) इकडे सगळे बरे. मासेही बरे असावेत. हल्ली ते दिसत नाहीत.

दाजी, मी हादरलो आहे. आमच्या मत्स्यपालक क्लबाच्या सभेत, बिअरखान्याच्या मागच्या दालनात, मी गरजलो होतो की उजेड न मोजता दिवा घेणं म्हणजे ताप न बघता औषध पिणं. टाळ्या पडल्या. पण मोजायचा कशाने? झाडांच्या कामाचा उजेड नेमका सांगणारं, पाण्यात बुडणारं यंत्र मिळतं, पण तेवढ्या पैशात हिवाळ्याची लाकडं येतात. फोनवरचं फुकटचं मापक लावलं, तर एका दिव्याखाली दोन फोनांनी दोन उत्तरं दिली आणि त्यांच्या मालकांची जुंपली. बाबांचं फोटोचं जुनं मापक काढलं. त्याचा काटा तुमच्या लग्नापासून हललेला नाही. शेवटी वायरमन वापरतात ते स्वस्त लक्समीटर निवडलं. ते झाडाच्या नव्हे, माणसाच्या डोळ्याने बघतं, कबूल. पण एका कोपऱ्याची दुसऱ्याशी तुलना करायला पुरतं, हे माझं मत आजही कायम आहे. फक्त त्याला पाणी सोसत नाही. त्यावर उपाय आपल्या प्रत्येक तळघरात आहे: काकड्यांची काचेची बरणी! मापकाच्या वायरीच्या टोकाचा पांढरा डोळा आत ठेवला, वायर झाकणाच्या भोकातून काढली, मेण ओतलं, झाकण (लहानपणी आईची बोलणी खाऊन शिकलो तसं) करकचून आवळलं आणि दगड बांधून बरणी माझ्या टाकीच्या तळाशी सोडली.

आकडा ऐकून सभा गार पडली. तळघरात याहून जास्त उजेड असतो! तीच बरणी घरोघरी फिरली, घरोघरी अंधार. मी पुन्हा उठलो आणि ठराव मांडला: ज्याने उजेड मोजला नाही, त्याची टाकी क्लबाच्या प्रदर्शनात नको. सगळे कुबातच्या दुकानात धावले आणि त्याच्याकडचे सर्वांत मोठे दिवे संपवून आले. (ज्या कुबातला मी भर सभेत रक्तपिपासू म्हटलं, त्याने मला आलुबुखाराच्या दारूची, स्लिवोवित्सेची, बाटली पाठवली आहे.) एकटा हिनेक, तो निवृत्त दंतवैद्य, हाताची घडी घालून बसला. "व्लास्त्या, जन्मभर लोकांच्या तोंडावर दिवा धरला मी. उजेड कुठून येतो ते मला शिकवू नकोस. झाडं वाढतायत, बघ आणि गप्प बस." मी प्रदर्शनाच्या यादीतून त्याचं नाव कापायला लावलं. पुन्हा टाळ्या. तो बिअर अर्धी टाकून उठला. असं त्याने बायकोच्या मयतीच्या दिवशीही केलं नव्हतं.

त्यानंतर नव्या दिव्यांखाली सगळ्यांच्या टाक्यांत शेवाळ माजलं. क्लबभर वाटाण्याचं सार झालं आहे. स्वच्छ उरली ती फक्त हिनेकची टाकी.

काल मी मापकावर वाकलो असताना आमच्या सौ. द्राहोमीराने दिव्याचं बटण बंद केलं. आकडा जेमतेम हलला.

"बंद केलास ना?"

"केला. बरणी द्या, काकड्या सुकतायत."

"मग आकडा का पडत नाही?"

"दिवा कुठे आहे तुमचा?"

"वर."

"आणि बरणीचं पत्र्याचं झाकण?"

मी खुर्ची शोधली, दाजी. "एवढी पुस्तकं वाचलीत," ती म्हणाली, "त्यांतल्या एकातही वरून पडणारा उजेड नव्हता?"

दिवा लावून बरणी उलटी बुडवली, काचेचा तळ वर. आकड्याने उडी मारली. मग नवा दिवा उतरवून माझा जुनाच लावून पाहिला. तोही पुरेसा होता! यंत्र निर्दोष आहे, सिद्धांत निर्दोष आहे. दोष तेवढा झाकण आवळणाऱ्या हाताचा, आणि तो माझा.

आपला,
व्लास्तिमिल

ता. क. शनिवारच्या प्रदर्शनाचे परीक्षक तुम्हीच. सर्वांसमोर सहज म्हणून बरणी उलटी करा आणि ही युक्ती तुम्हाला सुचली असं सांगा. परीक्षकाला कोणी हसत नाही.

ता. क. २. द्राहोमीराने हे वाचलं. तुम्ही तसं केलंत तर ती उभी राहून सगळं सांगणार आहे. तेव्हा बरणी मीच उलटी करीन. त्यासाठी एक रिकामी बरणी तुमच्या घरून आणा, आमचीत काकड्या गेल्या. पण हिनेकच्या दारात उभं राहायची माझी छाती नाही. प्रदर्शनाला येताना गाडी त्याच्या घराशी थांबवा आणि त्याला टाकीसकट घेऊन या. बिअर मी सांगून ठेवतो, पूर्ण ग्लास.