मशीनसाठी आणलेला कूलर

नाना, तुमचं मशीन भंगारात चाललं. आधी हे सांगून टाकते, कारण गोल गोल बोलणं तुम्हाला खपत नव्हतं आणि मला जमत नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, मी त्यावर तुमच्यापेक्षा जास्त राबले, तरी शेडमध्ये अजून नानांचं लेथच म्हणतात. गेल्या पावसाळ्यापासून त्याने जीव खाल्ला. पंपाचा शाफ्ट चढवावा, दार ओढावं, मशीन छान चालू, आणि मधेच लाल दिवा. सर्व्हो अलार्म, म्हणजे टूल सरकवणाऱ्या मोटरचा. टूल धातूत रुतलेलं तसंच थांबतं, शाफ्ट वाया. रीसेट दाबलं की शहाण्यासारखं चालतं, कधी तासभर, कधी दोन-चार दिवस. मेकॅनिक समोर असला की अलार्म येत नाही, डॉक्टरपुढे पोरगं खोकत नाही तसं. तो चहा पिऊन स्कूटरला किक मारतो आणि इकडे दिवा पेटतो. केबल बदलली, अर्थिंग नवं केलं, मोटर खोलून पाहिली. धाकटे शेठ माझ्याकडे बघायचे. बाई, तुम्ही काही दाबता का? मी म्हटलं, हो, रीसेट दाबते, दुसरं काय ठेवलंय तुम्ही दाबायला.

मी या शेडमध्ये लोखंडाचा बुरादा झाडायला आले होते. सातवीत शाळा सुटलेली, इंग्रजी म्हणजे नुसत्या काड्या. तुम्ही मला त्या काड्यांचे आकार ओळखायला लावले, कोणता अलार्म कसा दिसतो ते. एकदा घाईत मी न बघताच रीसेट दाबत सुटले, तर तुम्ही माझा हात धरून बाजूला केला. "पहिले वाच, मंग दाब. बठ्ठं तठेच लिखेल शे." सगळं तिथेच लिहिलेलं असतं, हे मी तेव्हा शिकले. आणि दुसरं बोलणं तर विसरूच शकत नाही. मी डब्याची पिशवी मशीनमागच्या विजेच्या पॅनलच्या दाराला अडकवली होती, दार बोटभर उघडं राहिलं होतं. सगळ्यांसमोर ओरडलात. "मझार ओल गयी ना, बठ्ठं संपनं." आत ओल गेली की सगळं संपलं. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि तुम्ही विचारलंही नाही.

आणि तेच दार तुम्ही पुढे स्वतः वीट लावून उघडं ठेवलं. ते वर्ष मला स्वच्छ दिसतं. मे महिना आहे, जळगावचा, पत्रे वरून भाजताहेत. धाकटी पोटात आहे, सहावा लागलाय. मशीनचं दार ओढता ओढता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मी खाली बसते, बसते कसली, पडतेच. मोठे शेठ येतात, म्हणतात, झेपत नसेल तर घरी बस, दुसरी कोणी बघू. त्यांचं तरी काय चुकलं. तुम्ही आठवडी सुट्टीनंतर येता तर टेम्पोत कूलर. अमळनेरहून, घरचा. शेठना तुम्ही सांगता की पॅनल फार तापतंय, असंच राहिलं तर अलार्म येतील, कूलर लावावा लागेल. मशीनसाठी म्हटल्यावर शेठ कशाला नाही म्हणतील. बाईसाठी मागितला असतात तर हसले असते. तुम्ही दार उघडं करून कूलर समोर ठेवलात, पण त्याचं तोंड जरा तिरकं, मी उभी असते त्या बाजूला. मला वाटलं, जागा नाही म्हणून तिरकं.

धाकटी नीट झाली. त्यानंतर दर उन्हाळ्यात तो कूलर लागत गेला, तुम्ही गेल्यावरही. मीच त्यात पाणी भरायची, बोअरचं, खारं, गवताच्या जाळ्या पांढऱ्या फटक व्हायच्या आणि मीच त्या झाडायची. तुमच्या दहाव्याला अमळनेरला आले तेव्हा काकू स्वयंपाकघरात चुलीपुढे घामाने निथळत बसलेल्या, बायका जवळ, आणि त्या एकदम मला म्हणाल्या, "आमना घरना कूलर यास्नी मशीनले दी टाका. माले काय गरम व्हत नई का?"  मला राग आला होता. आज माणूस नाही आणि ही बाई मशीनला देऊन टाकलेल्या कूलरचं काय काढते, असं वाटलं. भाकरीही न खाता एसटी पकडली मी.

आता ऐका. शेठनी नाशिकहून एक माणूस आणला. कमी बोलणारा, मला आवडला. त्याने मलाच विचारलं, अलार्म जास्त कधी येतो. मी सांगितलं, पावसाळ्यात, सकाळी, पहिल्या तासात. त्याने मान हलवली, मशीन बंद केलं, पॅनलमधला वायरींचा एक जोड उपसला आणि बॅटरी मारून मला दाखवला. पितळी पिना हिरव्या पडलेल्या, वर पांढरं मीठ. मागच्या बोर्डावरही तेच. दमट हवा लागली की मीठ ओल धरतं आणि अलार्म येतो, सुकलं की जातो, म्हणून बिघाड कोणाला सापडत नव्हता. त्याने घासूनपुसून दिलं, आठवडा नीट गेला, परत लाल दिवा. बोर्ड आता बनत नाही म्हणाला. मग त्याने शेठसमोर विचारलं, "इथे खारं पाणी येतंच कुठून?" आणि कूलर तिथेच, हातभरावर, कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून उभा. शेठनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, हा इथे कोणासाठी ठेवलाय?

नाना, तेव्हा कळलं मला. पॅनलच्या बोटभर फटीवरून सगळ्यांसमोर ओरडणारा माणूस, त्यात कूलर सोडेल? ओल गेली की काय होतं हे तुम्हीच मला शिकवलंत. इतकी वर्षं मी समजत होते, मशीनला लागून उरलेली हवा मला लागते. उलटं होतं. शेठना तुमचं खोटं पटावं म्हणून तेवढं दार उघडं ठेवलंत ना? की एका उन्हाळ्याने काय होतंय, असं वाटलं? मग उन्हाळा सरल्यावर बंद का नाही केलंत, मला का नाही सांगितलंत? मी दरवर्षी पाणी भरत राहिले. जे मशीन माझ्या हातात राहावं म्हणून तुम्ही हे केलंत, ते मशीन त्यानेच गेलं. शेठनी नवं मशीन घेतलंय, त्यावर आयटीआय झालेला माणूस ठरलाय, मला पॅकिंगला बसवणार. याच्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. नव्या स्क्रीनवरच्या काड्या वेगळ्या आहेत, पाहून आले मी, एकही ओळखू आली नाही. आणि या वयात मला शिकवायला कोण बसतंय.

शेठना मी सांगितलं, मशीनसाठी होता. तुमचंच वाक्य. नाशिकवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि बॅटरी खिशात घातली.

सोमवारी भंगारवाला क्रेन घेऊन येतोय. हे कागद पॅनलच्या दारामागच्या खिशात घालते, वायरिंगचे नकाशे असतात तिथे. त्यांच्याबरोबर जातील. पाठवायचे तरी कुठे.

एक राहिलं. आज जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये कोणी नव्हतं. पॅनलचं दार लावून घेतलं, कूलरमध्ये पाणी भरलं, त्याचं तोंड पूर्ण माझ्याकडे केलं आणि बसून राहिले. कोणी आलं असतं तर मशीनसाठी आहे, असं म्हणायला जागा नव्हती.