नांदेडचा पिवळा चौकोन

लातूर
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

चि. राजकन्या,

आशीर्वाद. उमरीला घरी सगळे बरे असतील.

रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. लातूरच्या बसस्थानकावर पन्नास माणसांसमोर तू वाकून माझ्या पाया पडलीस. याबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे. वाकायच्या आधी समोरच्या माणसाकडे नीट बघावं, एवढंही तुला कळू नये? वर तुझी आई, यशोदाबाई, माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, तुमी लई जीव लावला माह्या लेकीला. तुमी दवाखान्यात असत्या तर तिची नोकरी गेली नसती." आणि पिशवीभर शेंगा माझ्या हातात कोंबल्या. मी "असू द्या, असू द्या" म्हणत दिसली ती ऑटो पकडली. मला खरं तर चाकूरच्या गाडीत बसायचं होतं. ऑटोने घरी आले.

इकडचं म्हणशील तर ठीक. गुडघा कुरकुरतो. शेजारच्यांनी गच्चीवर मुलांसाठी आणखी दोन खोल्या चढवल्या, 'नीट'च्या तयारीची पोरं पहाटे चारला मोठ्याने जीवशास्त्र पाठ करतात. मला बेडकाचं हृदय आता तोंडपाठ आहे.

तू हसत हसत सांगितलंस की तुम्ही दोघी क्लासच्या ऑफिसात काम विचारायला आला होतात, त्यांनी तुझा दाखला वाचला आणि परत दिला. "तिथली ओळ वाचली की समदे गप होतेत, म्याडम. बघून राहिले दुसरीकडं." ती ओळ मला ठाऊक आहे. 'कामातील गंभीर दुर्लक्षामुळे सेवा समाप्त.' कॉन्व्हेंट शाळेत आम्ही मराठी बोललो की सिस्टर दंड करायच्या, त्या हट्टाने मी मराठी चांगली केली. तपास समितीत नेटकं लिहिता येणारी मी एकटीच होते.

आता पुढे वाच. उभी असशील तर बस.

तू नांदेडच्या सर्व्हर रूममध्ये रुजू झालीस तेव्हा मी तुला काय शिकवलं होतं? एका यंत्राच्या पोटात तीस सर्व्हर नांदतात, जशा एका घरात तीस जावा. त्यांच्यावर एक सासू, म्हणजे व्यवस्थापक सर्व्हर. सासू आजारी पडली तरी जावांचं काम चालू राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण रात्री कोठीला कुलूप लावायचं, म्हणजे रोजचा बॅकअप घ्यायचा, ते तिच्याशिवाय होत नाही. डॅशबोर्ड म्हणजे सासूची नाडी. तू खुदकन हसली होतीस आणि म्हणाली होतीस, "म्हंजे सासूची नाडी सुनंनं बघायची." तुझ्याइतकं लवकर कुणालाच कळलं नव्हतं.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी. सकाळी दहा चाळीसला तुझा फोन आला. इथे लातूरच्या सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचे हार घातले होते, कुंकवाची बोटं उठवली होती. अकराला अध्यक्ष आणि सगळे विश्वस्त आरतीला यायचे होते. भिंतीवरच्या पडद्यावर ट्रस्टच्या लातूर-नांदेड दोन्ही दवाखान्यांच्या मुख्य यंत्रांचे सोळा चौकोन होते. पंधरा हिरवे आणि नांदेडच्या सासूचा पिवळा. तू म्हणालीस, "म्याडम, डिस्क ब्याण्णव टक्के भरलीया. जुन्या नोंदी काढून टाकू का? दहा मिन्टाचं काम हाय."

मी म्हणाले, आज हत्याराला हात लावायचा नसतो, घरी विळे-खुरपी पुजता ना? शनिवारी बघू.

तू "हाव म्याडम" म्हणालीस.

राजकन्या, मी कधीच खंडेनवमी पाळली नाही. त्या दिवशी सकाळीही सुरीने कांदा चिरून आले होते. मला तुझ्यावर चालेल असं काहीतरी हवं होतं, आणि तू मानतेस हे मला माहीत होतं. त्या वेळी तू काही काढू लागली असतीस आणि पिवळ्याचा लाल झाला असता तर? माझी निवृत्ती तीस दिवसांवर होती. मला पाहुण्यांसमोर रंगीत पडदा नको होता.

फोन ठेवला आणि त्या चौकोनावर मी 'देखभाल सुरू' अशी खूण केली. ती खूण केली की आपल्या डॅशबोर्डवरून तो चौकोन निघूनच जातो आणि त्याचे इशारेही बंद होतात. उरले ते सगळे हिरवे. 'किती वेळ' या रकान्यात मी काही भरलं नाही, म्हणजे कुणी काढेपर्यंत ती खूण तशीच राहणार. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, सगळं हिरवंगार करून चाललात!" मी हसले. शनिवार निरोपाच्या साड्या बघण्यात गेला.

तुझ्या पडद्यावरूनही चौकोन गेला, तेव्हा तू समजलीस की मॅडमनी काम करून टाकलं. दुसरं काय समजणार? डिस्क दसऱ्याच्या रात्री भरली. बॅकअप थांबला. सतरा तारखेला नांदेडचं साठवणीचं यंत्र जळालं आणि पंधरा दिवसांचे रिपोर्ट गेले. त्यात ज्यांचा रिपोर्ट गेला त्या केवळाबाईंच्या छातीतल्या गाठीत पुन्हा सुई घालावी लागली. त्यांचा हात धरून तू आत उभी होतीस, असं नंतर कळलं. मी लातुरात होते, सत्काराच्या भाषणाचे मुद्दे काढत.

तपासाला आम्ही तिघं बसलो, सचिव लक्ष्मणराव, एक डॉक्टर आणि मी. लक्ष्मणरावांनी विचारलं, खूण कुणी केली? डॅशबोर्डचं खातं आपल्या दोघींत एकच, त्यामुळे नोंदीवरून काही कळत नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस. नुसतं बघितलंस. मग म्हणालीस, "माझ्याच हातनं चुकून झालं असंल." मी पाण्याचा ग्लास पुढे ओढला आणि सगळा प्यायले.

अहवालाचा मसुदा मी केला. 'गंभीर' हा शब्द डॉक्टरांना नको होता. तो मी घातला. अर्धवट दोष दिला असता तर कुणीतरी पुढे चौकशी केली असती. एकतीसला मला शाल-श्रीफळ मिळालं, सहा नोव्हेंबरला तुला पत्र.

तू तेव्हा ओळखलं होतंस का? मी चार दिवस हेच घोळवते आहे. ओळखून रविवारी वाकली असशील तर मला तोंड दाखवायला जागा नाही. न ओळखता वाकली असशील तर त्याहून नाही.

काल लक्ष्मणरावांना सगळं लेखी दिलं आणि पोच घेतली. ते म्हणाले, "मॅडम, झालं-गेलं कशाला उकरता? पुढच्या वर्षीपासून तुमच्या नावाने पारितोषिक ठेवतोय आम्ही." मी म्हटलं, "ते आधी रद्द करा." मग म्हणाले, एकट्या तुमच्या सांगण्यावर अहवाल फिरवता येत नाही, त्या मुलीचं लेखी म्हणणं लागेल. विश्वस्तांची बैठक सोमवारी २३ तारखेला आहे. दाखल्यावरची ओळ तिथेच निघू शकते.

माझ्या जबाबाची प्रत सोबत आहे. त्यात मी लिहिलंय, 'सदर काम पुढे ढकलण्यास दूरध्वनीवरून सांगितले.' बघ कसं स्वच्छ दिसतं. तुला लिहितानाही मी त्या फोनचं दीडच ओळीत आटपलं. मी तुला आणखी काय काय बोलले, तुझ्या गावाबद्दल, तुझ्या दहा मिनिटांबद्दल, ते इथे लिहायला माझी बोटं वळत नाहीत. तू लिही. ज्या आवाजात बोलले त्या आवाजासकट लिही. माझं मन राखायला एक शब्दही गाळू नकोस. 'म्याडम, जाऊ द्या' असं लिहिलंस तर ते उत्तर मी धरणार नाही.

फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा वरचढ होईन आणि तू पुन्हा "हाव" म्हणशील.

पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. शनिवार, २१ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत तुझं लेखी उत्तर, तुझ्या सहीनिशी, माझ्या हातात पडलं पाहिजे.

गीतांजली बिराजदार
(तपास अहवालावरची तिसरी सही)