आठ थेंब

प्रिय चिमणे,

काल तुझ्या खोलीच्या दारापर्यंत येऊन परत गेले. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस आणि माझी चाहूल लागताच डोळे मिटलेस. लहानपणी अभ्यासाच्या वेळी अस्संच झोपेचं सोंग घ्यायचीस. म्हणून हे लिहितेय. कागद फाडशील, पण फाडण्याआधी वाचशील, एवढी मी तुला ओळखते.

सिस्टर सांगत होत्या, सकाळी पंपाने वीस मिनिटांत दुधाचे आठ थेंब आले आणि ते तू सिंकमध्ये धुऊन टाकलेस. वर म्हणालीस, ताईच्या मिल्क बँकेत बाटल्यांना काय तोटा! हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची ही बँक मी अकरा वर्षं सांभाळतेय आणि आमच्या दुधाची टिमकी घरीदारी मीच वाजवलीय. आज ती जरा खाली ठेवते.

ऐक. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध आम्ही साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवतो. तापवायलाच हवं, नाहीतर एखादा जंतू बाळापर्यंत जायचा. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. दुधात लायसोझाइम नावाचं एक एन्झाइम असतं, ते जंतूंची भिंतच फोडतं. तापवल्यावर ते कमी होतं, दुसरी काही एन्झाइम्स तर उरतच नाहीत. तुझ्या त्या पिवळट थेंबांत ती सगळी शाबूत असतात. तुझा लेक अकराशे ग्रॅमचा आहे, दोन महिने आधी आलाय, त्याचं आतडं अजून कच्चं आहे. तिथे जंतूंनी ठाण मांडलं, पोट फुगलं, तर डॉक्टरांच्याही हातात फारसं राहत नाही. आज चार वाजता त्याला पहिलं दूध द्यायचंय. सकाळपासून मी त्याच्या बाटलीवरचं लेबल चारदा वाचलंय. मला भीती वाटतेय गं. आणि दोन दिवस झाले, तू अजून त्याला पाहायलाही गेली नाहीस.

आता सांगतेय ते आईलाही ठाऊक नाही. बारा वर्षांपूर्वी माझी मुलगी गेली, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की मला दूधच आलं नाही. आलं होतं. तिसऱ्या दिवशी, चमचाभर. पण ते घेऊन तिच्या काचेच्या पेटीपाशी जावं लागलं असतं आणि मला तिच्याकडे बघायचीच धास्ती वाटायची. जीव लावला आणि ती गेली तर? मी नळ सोडला आणि ओतून दिलं. त्या दुधाने ती वाचली असती असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण ती गेलीच, आणि न बघताही जीव लागायचा तो लागलाच होता. सिस्टरांच्या हाती वाटी पाठवलीय. बाटली तयार आहे, बाळ उपाशी राहणार नाही, पण आधी तुझी वाटी. नुसता तळ ओला झाला तरी पुरे. फक्त ती तू स्वतः घेऊन ये. मी त्याच्या पेटीपाशी उभी आहे.

तुझीच,
ताई