डावरीच्या फुल्या

६ जून

चि. डावरीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही म्हणून आईने पोस्टमनशी अबोला धरलाय. बिचाऱ्याचा काय दोष? मी मात्र कामाला लागलेय. बाबांनी जन्मभर राखलेलं आपलं जुनं दीपगृह मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने भरतेय. पांढरी भिंत भरताना नाकी नऊ आले, कारण उन्हाचा पांढरा वेगळा नि सावलीचा वेगळा. आईला आता ढोबळच दिसतं. ती कापड मांडीवर घेते आणि बोटांनी बघते.

बाबा गेले, दिवा कायमचा बंद झाला, तेव्हापासून तू इकडे फिरकली नाहीस. हॉस्पिटलात रजा मिळत नाही, हे कारण आता शिळं झालं. कापडावर माथ्याचा दिवा मी रिकामा ठेवलाय. तो तू इथे येऊन भरायचास. आई वाटेकडे डोळे लावून बसलीय आणि खरं सांगू, मीही.

लोभ पत्रातून पुरे झाला, आता समक्ष असावा.

तुझी,
ताई

१९ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मी रजा मागितलीच नाही, तुझ्यापासून काय लपवायचं? बस वळणावर आली की दिवा दिसायचा आणि बाबा जागे आहेत हे कळायचं. आता तिथे अंधार असेल. माझ्याच्याने तो बघवणार नाही गं. घरची आठवण येते तेव्हा वॉर्डातल्या चादरींच्या उगाच पुन्हा घड्या करत बसते.

कापड पोस्टाने पाठव, इथेच भरते. पण आधीच सांगते, डाव्या हाताने भरलेल्या माझ्या फुलीचा वरचा टाका तुमच्या उलट कलतो. लहानपणी आई माझं सगळं उसवायची आणि तू फिदीफिदी हसायचीस. आताही उसवा हवं तर, मी रुसणार नाही.

आईला शि. सा. न. लोभ आटू देऊ नकोस, मी त्याच्यावरच तग धरून आहे.

तुझी,
डावरी

११ जुलै

चि. डावरीस, अनेक आशीर्वाद.

कापड पोचलं. तुझ्या फुल्या उलट्या त्या उलट्याच! उसवायला कात्री घेऊन खिडकीशी बसले. बघते तर काय, एकाच दिशेने कललेल्या माझ्या टाक्यांवर उजेड नुसता पडून राहतो आणि तुझ्या टाक्यांवर चमकतो. कापडावरच्या भिंतीच्या माथ्यावर दिवा लागलेला दिसतो. कात्री ठेवून दिली.

आईला काही न सांगता कापड तिच्या मांडीवर दिलं. पायथ्यापासून नख फिरवत ती वर गेली, दिव्यापाशी थांबली. पुन्हा एकदा नख फिरवलं. मग माझ्यावरच चिडली, म्हणाली की डावरी घरी आली आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली आणि तुझं ताट मांडून बसली.

मला तिला खरं सांगवलं नाही. ताट अजून तसंच आहे, आणि ते मी उचलणार नाही.

लोभ आहे. तू ये.

तुझी,
ताई