पेन्सिलीनं भरलेला रकाना

अकोला,
दि. ५ जुलै २००७

ती. जयवंता आत्यास,
करिश्माचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. तू दिलेल्या कोथिंबीर ठासून भरलेल्या सांभारवड्यांचा होस्टेलच्या पोरींनी एका बैठकीत फडशा पाडला. पुढच्या वेळी डबा मोठा दे, नाहीतर डब्यासोबत कुलूप दे.

खरी बातमी पुढं आहे, बसून वाच. अपंग खेळाडूंना दिल्लीत जो राष्ट्रीय पुरस्कार देतात, त्यासाठी माझं नाव पाठवायचं आमच्या संघटनेनं ठरवलं आहे. बसून थाळी फेकणाऱ्या मुलींत मी दोन वर्षं देशात पहिली आले, त्याचं हे फळ. एकतीस जुलैच्या आत फॉर्म दिल्लीला पोचायला हवा. बाबांना सांग, पण वलगावभर पेढे वाटू नका म्हणावं, अजून कशात काही नाही.

आता पोटातलं दुखणं. फॉर्मात ‘प्रशिक्षकाचे नाव’ असा एक रकाना आहे. त्यात ज्याचं नाव असेल त्याचा विचार प्रशिक्षकांच्या सन्मानासाठीही होतो. मला तीन वर्षं जहीरसरांनी शिकवलं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण सचिव म्हणतात की जहीर पडला वेल्डिंगवाला, त्याच्याजवळ ना डिप्लोमा, ना शिकवल्याचा एखादा कागद. अशी फाइल परतच येते, तेव्हा उत्तमरावांचं नाव टाक. उत्तमराव संघटनेचे प्रशिक्षक. त्यांनी मला दोनदा पाहिलंय, त्यातलं एकदा चहा पिताना.

सरांना विचारलं तर त्यांनी वेल्डिंगचा चष्माही काढला नाही. म्हणाले, टाक ना मंग, मले काय नावाचं लोणचं घालाचं हाये? मी बाकीचा फॉर्म शाईनं भरला आणि तेवढा रकाना पेन्सिलीनं. उत्तमरावांचं नाव लिहिलंय. तेव्हापासून घास उतरत नाही. पुरस्कार मला हवा आहे आत्या, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. काय करू ते कळव.

बाबांना नमस्कार. माझ्यावरच्या मायेत काटकसर करू नकोस.

तुझी,
करिश्मा

---

वलगाव,
दि. ९ जुलै २००७

चि. करिश्मा हिस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. तुझ्या बाबाला वाचून दाखवलं, तर शालिकराम अर्ध्यातूनच उठला आणि डोळ्यात कचरा गेला म्हणून विहिरीकडे निघून गेला. कापसाच्या भावाला कंटाळून यंदा अर्ध्या वलगावानं वांगी लावली, आणि आता वांग्यांना कुत्रं विचारत नाही. या घरात बऱ्याच दिवसांनी चांगली बातमी आली ती तुझीच.

मी शिकले चौथी. पण जे नाव तुला शाईनं लिहवत नाही ते खोटं असणार, एवढं मला कळतं. पोलिओनं पाय गेले तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. पुढं ज्वारीच्या शेतातल्या माळ्यावर बसवून पाखरं हाकायला तुझ्या हातात गोफण दिली ती मी. जहीरभाऊ बहिणीकडे वलगावला आले होते, त्यांनी तुझी फेक पाहिली आणि तिथंच उभे राहिले. पोरीला अकोल्याला पाठवा म्हणाले, तेव्हा अडून बसले तीही मीच. मी अट घातली की दर रविवारी पोस्टकार्ड टाकायचं. पोरगी कशी आहे आणि काय शिकली ते लिहायचं. एक रविवार चुकला की पोरगी परत. तीन वर्षांत तो माणूस एकदाही चुकला नाही, ईदलासुद्धा नाही. सगळी कार्डं माझ्या देवघराशेजारच्या तारेत टोचलेली आहेत. तुझ्या सचिवांना कागद पाहिजे ना?

जहीरभाऊंनाही आजच पत्र टाकते आहे, त्यांचाही समाचार घ्यायचा आहे. तोवर फॉर्म कोणाला देऊ नकोस. नीट जेवत जा, उपाशी पोटी कोणाचा प्रश्न सुटत नाही.

तुझी,
आत्या

---

अकोला,
दि. १६ जुलै २००७

श्रीमती जयवंताबाई यांस,
जहीरचा सलाम व स. न. वि. वि.

पत्र मिळालं. एका अंतर्देशीय पत्रात इतकं रागावता येतं हे मला माहीत नव्हतं. घडी घालायच्या जागेवरही तुम्ही दोन ओळी ठेवून दिल्यात.

माझं ऐकून घ्या. तरुणपणी मीही थाळी फेकायचो. राज्याच्या संघात निवड झाली आणि एक दाखला वेळेत मिळाला नाही म्हणून नाव कापलं गेलं. त्यानंतर मी थाळी हातात धरली नाही, ती करिश्मा येईपर्यंत. तिचं नाव माझ्यापायी कापलं गेलं तर मला जगणं नकोसं होईल. म्हणून गेल्या मंगळवारीच मी सचिवांना लिहून दिलं की तिची फेकायची खुर्ची तेवढी मी बनवली, शिकवलं मात्र नाही. खाली सही केली. खुर्ची मीच बनवली, म्हणजे निम्मं तर खरंच आहे.

तेव्हा तुमची कार्डं तारेवरच राहू द्या. पोरीला यातलं काही कळू देऊ नका, ती ऐकायची नाही. शालिकरामभाऊंना सलाम सांगा, आणि रागावलात तरी आपलं माणूस समजूनच रागवा.

आपला,
जहीर

---

वलगाव,
दि. २० जुलै २००७

चि. करिश्मा हिस,
अ. उ. आ.

जहीरभाऊंनी तुला सांगू नका म्हणून लिहिलं आहे, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. तुला शिकवलं नाही असं त्यांनी सचिवांना सहीनिशी लिहून दिलं आहे. तुझा पुरस्कार अडू नये म्हणून. त्यांचं पत्र सोबत पाठवते. वाचून मला रडू आलं आणि रागही आला, कोणतं आधी ते विचारू नकोस.

हे पत्र घेऊन तुझा बाबा उद्या पहाटेच्या एस.टी.नं निघेल, मूर्तिजापुरावरून दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचेल. कार्डांचा क्रम मोडू नये म्हणून तार जशीच्या तशी पिशवीत घातली आहे. टोक बोचेल, सांभाळ. माझ्याकडून एक घोटाळा झाला आहे. मी कार्डं न पाहता मधोमध टोचत गेले, आणि जहीरभाऊ फेकीचा आकडा नेमका मधोमध, ठळक लिहीत. बऱ्याच कार्डांवर आकड्याच्या जागी भोक आहे. टपालाचे शिक्के मात्र कडेला आहेत, ते शाबूत आहेत.

नाव कोणाचं लिहायचं ते मी आता सांगणार नाही. मागच्या पत्रात फार बोलले. गेला तर पुरस्कार तुझा जाईल, माझा काही जाणार नाही. तू काहीही लिहिलंस तरी या घरात तुला कोणी बोल लावणार नाही, एवढं लक्षात ठेव.

बाबाला उपाशी परत धाडू नकोस.

तुझी,
आत्या

---

अकोला,
दि. २ ऑगस्ट २००७

ती. आत्यास,
करिश्माचा शि. सा. न. वि. वि.

बाबांनी पिशवीतली तार काढून सरळ सचिवांच्या टेबलावर ठेवली आणि हात जोडून बाजूला उभे राहिले. सचिव आधी वैतागले. आकड्यांच्या जागी भोकं पाहून म्हणाले की यात फेक कुठं आहे? मग चष्मा लावून वाचायला लागले. आत्या, आकडे गेलेत, पण बाकीचं सगळं आहे. खांदा लवकर उघडते, आज चाळीस वेळा रिकामा हात फिरवून घेतला. मनगट सुधारलं. रडली, पण उठायचं नाव नाही. ताप आहे, फेकू दिलं नाही. दीडशेच्या वर कार्डं, आणि प्रत्येकावर त्या आठवड्याला मला काय शिकवलं ते. मलाही इतकं आठवत नव्हतं.

सचिवांनी तासभर वाचलं. मग ड्रॉवरमधून सरांचा कागद काढून त्यांनी तारेशेजारी ठेवला आणि म्हणाले की हा माणूस एक तर तेव्हा खोटं बोलला किंवा आता. पुढं हेही म्हणाले की फाइल परत आली तर मला दोष देऊ नकोस. मी म्हटलं, नाही देणार. रबरानं खोडलं आणि शाईनं जहीरसरांचं नाव लिहिलं. अक्षर वाईट आलं. फॉर्म मुदतीत दिल्लीला पोचला. मला भीती वाटली आणि अजून वाटते. पण त्या दिवशी पोटभर जेवले.

सर दोन दिवस मैदानाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी मैदानावर आले, म्हणाले, कोपर पडून राह्यलं तुहं, आणि अंधार पडेपर्यंत फेकायला लावलं. अशा रागाला मी रोज तयार आहे.

उत्तराची वाट पाहते. आठवण ठेवतेसच, ती कळवतही जा.

तुझी,
करिश्मा

---

नवी दिल्ली,
दि. ४ डिसेंबर २००७

श्रीमती जयवंताबाई यांस,
जहीरचा सलाम व स. न. वि. वि.

पुरस्काराचं तुम्हाला फोनवर कळलंच असेल. फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून लिहितो. करिश्मा ठणठणीत आहे, इथल्या थंडीत तुम्ही विणलेला स्वेटर घालून हिंडते आहे. प्रशिक्षकांचा सन्मान यंदा दुसऱ्या राज्यातल्या एका बाईंना मिळाला. त्यांच्या मुलांची फेक मी पाहिली आहे, योग्य माणसाला मिळाला. सचिव म्हणतात की पुढल्या वर्षी पुन्हा पाठवू. पाठवू देत, मी आता काही लिहून देणार नाही.

मला मागच्या रांगेत जागा होती. मंचावर चाकाची खुर्ची जायला उतार केला होता. कोणाची मदत न घेता पोरगी तो चढून गेली. प्रत्येक खेळाडूबद्दल चार ओळी वाचत होते. तिच्या वाचल्या : गाव वलगाव, जिल्हा अमरावती, थाळीफेक, प्रशिक्षक जहीर खान, अकोला. शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं की हे खान कोण? मी म्हणालो, मी. मीच शिकवलं तिला. मग मला थांबताच येईना. तिचा खांदा कसा उघडायचा, मनगट कसं सरळ झालं, सगळं त्यांना सांगत बसलो, आणि टाळ्या वाजवायच्या राहूनच गेल्या.

शालिकरामभाऊंना सलाम. दया असू द्या.

आपला,
जहीर